बायकोच्या मागून, खडीच्या वाटेने

माझ्या ऑफिसात एक ऑस्ट्रियन इंजिनिअर आहे. दर उन्हाळ्यात तो तीन आठवडे घरी जातो आणि परत आल्यावर जेवणाच्या सुट्टीत आम्हाला फोटो दाखवतो. पाइनच्या जंगलातून वर जाणारा खडीचा रस्ता. मोटारी शिरू नयेत म्हणून आडवा टाकलेला लाकडी दांडा आणि त्याच्या कडेने सायकलपुरती ठेवलेली फट. गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. डोंगरावरच्या खोपट्यात मिळणारा सफरचंदाचा केक, आणि बाहेर कुंपणाला टेकवलेली त्याची सायकल. "दिवसभर चालवली, एक गाडी दिसली नाही," असं तो सांगतो. मी "नाइस, नाइस" म्हणत फोन परत देतो आणि त्या दुपारी माझ्या हातून काही काम होत नाही.

दोन वर्षं मी आल्प्सचा बेत आखत होतो. मी प्लॅनिंग इंजिनिअर. नोकरी अबू धाबीजवळच्या मुसाफात, घर तिथल्याच मोहम्मद बिन झायद सिटीत, आणि बेत आखणं हाच धंदा. कुठल्या दिवशी किती किलोमीटर, किती चढ, मुक्काम कुठे, सगळं एक्सेलमध्ये तयार होतं. व्हिसाची अपॉइंटमेंट तेवढी मिळत नव्हती. दुसराही उन्हाळा तसाच गेला तेव्हा वैशाली, माझी बायको, म्हणाली, "आपल्याकडे डोंगर नाहीत का? दोन तासांवर आहे. नावातच हजर आहे बिचारा."

हजर पर्वत. अरबीत हजर म्हणजे दगड. ओमानच्या सरहद्दीला लागून शारजा, रास अल खैमा, फुजैरा या बाजूला ही रांग पसरली आहे. अबू धाबीत वर्षानुवर्षं राहणारी आमची मंडळी तिथे एकदा जातात, सर्वांत उंच घाटरस्त्यावर गाडीतून वर जाऊन फोटो काढतात आणि त्याच रस्त्याने उतरतात. त्या घाटाच्या मागे, डांबर संपतं तिथून पुढे काय आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. मलाही नव्हतं.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर जे घडलं ते कळणार नाही. मला माझ्या बायकोचा हेवा वाटतो.

सायकल आधी मी घेतली. ग्रॅव्हल बाइक म्हणतात तिला: हँडल रेसच्या सायकलसारखं वाकडं, पण टायर जाड, खडीवरून जाणारे. सहा हजार दिरहम. "म्हणजे जवळजवळ दीड लाख रुपये," वैशालीने दुकानातच मोठ्याने हिशेब केला होता. सहा महिन्यांनी तिच्यासाठी एक जुनी घेतली. ती फार्मसिस्ट आहे, दिवसभर काउंटरवर उभी असते. तिला थोडा व्यायाम व्हावा एवढाच हेतू. गिअर कसे बदलायचे, उतारावर वजन कुठे ठेवायचं, हे मी शिकवलं. वर्षभरात ती माझ्या बरोबरीला आली आणि त्याच्या पुढच्या महिन्यात पुढे गेली. तिने ना एक व्हिडिओ पाहिला, ना एक लेख वाचला. ती नुसती चालवते. शनिवारच्या ग्रुपमध्ये आता लोक मला "वैशाली का हजबंड" म्हणून ओळखतात.

शुक्रवार, दुपारनंतर

शुक्रवारी अर्धा दिवस असतो. मुलगी इरा मैत्रिणीकडे राहणार होती. दोन्ही सायकली गाडीच्या मागे बांधून आम्ही निघालो. अल धैद ओलांडलं की वाळू तांबूस होते, मग विरळ होते, आणि एकाएकी समोर काळपट तपकिरी डोंगर उभे राहतात. शौका गावाच्या जवळ एका शेतावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. खजुराची झाडं, चार आंबे, आणि मधून वाहणारा दगडी पाट. इथे त्याला फलज म्हणतात, पण पाणी कुठल्या झाडाला किती वेळ द्यायचं याची रीत पाहिली तर आपल्याकडचाच पाट.

जाणाऱ्यांनी हिवाळाच धरावा. आम्ही जानेवारीत गेलो. संध्याकाळी स्वेटर लागला.

उजेड होता तेवढ्यात धरणापर्यंत चक्कर मारली. या डोंगरांना सह्याद्रीची सवय घेऊन गेलं तर पहिल्यांदा फसगत होते. डोळा हिरवं शोधत राहतो. अर्ध्या तासाने तो शोध सुटतो आणि मग दगडाचेच रंग दिसायला लागतात: जांभळट, गंजलेला, मध्येच शेवाळी हिरवा. वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात, कण्हेर फुललेली होती. तीच आपल्या अंगणातली गुलाबी कण्हेर, पण इथे रानटी. आणि टायरखाली खडी चुरचुरण्याचा तो आवाज. दुसरा आवाजच नाही. त्या ऑस्ट्रियन माणसाला हाच ऐकू येत असणार, असं वाटून पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

मग चढ लागला आणि वैशाली पुढे गेली. मी वर पोचलो तेव्हा ती दगडावर बसून खजूर खात होती. श्वास शांत. "मस्त आहे ना?" ती म्हणाली. मला उत्तर द्यायला दम उरला नव्हता.

धरणावर एक स्थानिक कुटुंब सहलीला आलं होतं. त्यातल्या तीन बायकांनी वैशालीला घेरलं. सायकल किती वजनाची, भीती नाही वाटत, अबू धाबीहून आलात, माशाल्ला. त्यांना तिच्याबरोबर फोटो हवा होता. त्यातल्या एकीने अतिशय अदबीने फोन माझ्या हातात दिला. मी पाच फोटो काढले. एकातही मी नाही.

परत आल्यावर इराचा फोन आला. मी म्हटलं, "जेवलीस का गं?"

"येस बाबा. डिड मॉम बीट यू अगेन?"

"आज रेस नव्हती."

"दॅट मीन्स येस," ती म्हणाली आणि फोन आईला द्यायला सांगितला.

शनिवार, सकाळ

दुसऱ्या दिवशीचा रस्ता आम्हाला विल्सनने सांगितला होता. विल्सन वसईचा, पन्नाशीतला. उम्म अल कुवैनला एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर आहे आणि गेली बारा वर्षं सुट्टीच्या दिवशी हे डोंगर सायकलने धुंडाळतो आहे. "आमच्याकडे वाडी म्हणजे केळीची बाग," तो म्हणायचा, "आणि इथल्या वादीत पाण्याचा थेंब नाही. नाव ऐकून पहिल्यांदा मी फसलोच." वैशाली ड्यूटीवर असल्यामुळे त्याने गुरुवारी फोनवर रस्ता मला सांगितला आणि मी कागदावर लिहून घेतला.

"त्या रस्त्याला गाडीच येत नाही," तो म्हणाला होता. "पुरात सुरुवातीचा तुकडा वाहून गेला, तेव्हापासून सिमेंटचे ठोकळे टाकून बंद केलाय. सायकल निघते. दोनेक तास चालवलीत की एक मोठं बोराचं झाड लागेल. तिथे रस्ता फुटतो. उजवा घ्या. तो वादीतून सपाट जातो आणि फिरून परत पक्क्या रस्त्याला लागतो. डावा घेऊ नका. चढ भयंकर, खडी सुटी, आणि वर जाऊन रस्ता संपतो. बायला पण सांगा."

मी बायला, म्हणजे वैशालीला, सांगितलं नाही. विसरलो असं नाही. रस्ता मला माहीत आहे आणि तिला नाही, ही एवढीच एक गोष्ट माझ्याकडे होती.

पाणी आणि खाणंही मी घेतलं. पाठीवरच्या पिशवीत चार लिटर पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, संत्री. तिच्या सायकलला एकच बाटली. "अर्धं मला दे," ती म्हणाली होती. "असू दे, मी घेतो," मी म्हटलं. तिला तो माझा चांगुलपणा वाटला. खरं असं की वजन आपल्या पाठीवर असलं की मागे पडायला कारण मिळतं.

पण ती सकाळ. तिच्याबद्दल मी कितीही लिहिलं तरी कमीच. सिमेंटचे ठोकळे ओलांडले आणि दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ आले. ऊन फक्त वरच्या कड्यांवर होतं, आम्ही सावलीत. एका वळणावर तीन रानगाढवं उभी होती. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, रस्ता सोडायचा की नाही यावर विचार केला आणि आपल्या गतीने बाजूला झाली. कुठे कुठे दगडी बांधांच्या पडक्या पायऱ्या दिसायच्या, कुणीतरी कधीतरी इथे गहू पिकवलेला. दोन तासांत एक माणूस नाही, एक इंजिन नाही. आल्प्सचे फोटो मी त्या वेळी खरोखर विसरलो होतो.

हेवा मात्र वैशाली विसरू देत नव्हती. ती पुढे जायची, दिसेनाशी व्हायची आणि पुढच्या वळणावर थांबलेली असायची. मी पोचलो की हसायची. पुन्हा पुढे. असं सात-आठ वेळा झालं. तिचं पुढे जाणं मी सहन करू शकतो. ते थांबणं मला सहन होत नाही.

बोराच्या झाडाशी मी पोचलो तेव्हा ती सावलीत पाय पसरून बसली होती. बाटली तोंडाला लावून शेवटचा घोट घेत होती. तिच्या मांडीवर चार बोरं होती, खाली पडलेली वेचलेली.

"आलास?" ती म्हणाली. "दम खा. घाई नाही."

ती हे मायेने म्हणाली. मला ठाऊक आहे. तरी ते शब्द माझ्या पोटात गेले ते तसेच राहिले.

थोड्या वेळाने ती उठली. "आता कुठे? डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे," मी म्हटलं. "तू हो पुढे. मी जरा चेन बघतो."

ती गेली. मला काय हवं होतं ते सरळ लिहितो. ती वीस मिनिटं तो चढ झगडत चढेल, रस्ता संपलेला पाहील, दमून उतरेल. आणि एकदा तरी मी सावलीत बसलेला असेन आणि म्हणेन, "आलीस? दम खा. घाई नाही."

मी पिशवी काढून ठेवली आणि दोन दशम्या खाल्ल्या. चटणी उत्तम झाली होती. वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. मी तिला काय काय म्हणेन ते मनात घोळवत होतो. पाऊण तास झाला तेव्हा ऊन झाडाखाली शिरलं. मी पाणी प्यायला पिशवीतल्या पाण्याची नळी तोंडाला लावली आणि तेव्हा मला आठवलं की तिची बाटली रिकामी आहे, आणि पाणी सगळं माझ्याकडे आहे.

फोनला रेंज नव्हती. मी डाव्या रस्त्याला लागलो.

विल्सन खरं बोलला होता. पहिल्या वळणानंतर सायकलवर बसणं अशक्य झालं. चाक जागच्या जागी फिरायचं आणि खडी खाली घरंगळायची. ढकलत वर निघालो. नवलाची गोष्ट अशी की मऊ जागी तिच्या टायरचा माग दिसत होता आणि बाजूला पावलं नव्हती. म्हणजे ती हे चालवत चढली होती. जीव घाबरा झालेला असतानाही ते माझ्या लक्षात आलं आणि खुपलं. हेवा असा असतो. तो आपली वेळ बघत नाही.

चौथ्या वळणावर मागाची रेष आडवी गेली होती. खडी विस्कटलेली. तिथे तिच्या गॉगलची एक काच पडली होती आणि एका दगडावर रक्त होतं. फार नव्हतं. त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला काही नाही, सरळ खाली वादी. मी काठावर जाऊन खाली पाहिलं. मग हाक मारली. डोंगराने माझीच हाक परत दिली.

सायकल तिथेच टाकून मी वर पळत सुटलो. पळत म्हणजे चार पावलं पळायचं आणि वाकून उभं राहायचं. किती वेळ, सांगता येत नाही. मग चढ संपला.

वर एक सपाट जागा होती. दगडावर दगड रचलेली पाचसहा घरं, छपरं गेलेली, एक मात्र नीट राखलेलं. बांधून काढलेल्या तीन छोट्या पायऱ्यांची शेतं, त्यातल्या एकात हिरवं. आणि घराच्या सावलीत चटईवर वैशाली बसली होती. तिच्या उजव्या कोपराला पांढरं फडकं बांधलेलं. समोर एक म्हातारा, अंगातला कंदुरा, म्हणजे इथला पांढरा लांब झगा, पोटरीपर्यंत खोचलेला, थर्मासमधून तिच्या कपात कॉफी ओतत होता.

मला बघून त्याने आधी माझ्या पिशवीकडे पाहिलं. इथले जुने लोक जी हिंदी बोलतात तशा हिंदीत त्याने विचारलं, "तुम इसका आदमी?"

"हाँ."

"पानी तुम्हारे पास. ये ऊपर आया, इसके पास पानी माफी. ये क्या सिस्टम है?"

माफी म्हणजे इथे 'नाही'. मी खाली बसलो.

त्याचं नाव अबू सालेम. लष्करात नोकरी केलेली. स्वयंपाकी केरळी आणि ड्रायव्हर पठाण, त्यांच्यात राहून भाषा आली. हे त्याच्या वडिलांचं घर. आता सगळे खाली सरकारी घरांत राहतात, पण तो दर शनिवारी दुसऱ्या बाजूच्या पायवाटेने दीड तास चढून येतो, टाक्यातलं पावसाचं पाणी झाडांना घालतो आणि संध्याकाळी उतरतो. ते दगडात बांधलेलं टाकं मी पाहिलं, आपल्या गडांवर असतं तसंच, थंडगार. वैशाली वर आली तेव्हा ती दोन मिनिटं बोलू शकत नव्हती म्हणे. त्याने तिला घोटघोट पाणी पाजलं, जखम धुतली, डोक्याच्या रुमालाची पट्टी फाडून बांधली.

त्याने मलाही वाढलं. मांड्यासारखी कागदी पातळ रोटी, त्यावर तूप आणि बोराच्या फुलांचा काळपट मध. मी घास घेतला. 

वैशाली उठली आणि मला हाताला धरून शेताच्या टोकाला घेऊन गेली. तिथून डोंगरांच्या एकामागे एक रांगा दिसत होत्या, आठ की नऊ, आणि शेवटच्या रांगेच्या फटीत एक निळी रेघ. समुद्र. पलीकडचा, ओमानच्या बाजूचा.

"तू मुद्दाम पाठवलंस ना मला इकडे?" ती म्हणाली.

मी पिशवीचा पट्टा सैल केला.

"विल्सनने सांगितलं असणार तुला, वर काय आहे ते. आणि तू मला बोलला नाहीस. कळलं असतं तर मजा गेली असती." तिचे डोळे भरले होते. "पडले तेव्हा तुला शिव्या दिल्या मी, मनात. मग हे दिसलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली रे, असं सरप्राइज तू कधी दिलं नव्हतंस."

मी म्हणालो, "आवडलं ना?"

त्या सगळ्या दिवसात मी केलेली सर्वांत वाईट गोष्ट कुठली, तर हीच.

शनिवार, संध्याकाळ

विल्सन उम्म अल कुवैनहून आला तो मासे घेऊन. शेतावरच्या चुलीवर त्याने स्वतः तव्यावर तळले, वसईचा मसाला लावून. त्याची बायको तो मसाला दर वर्षी डब्यात भरून पाठवते. भाकरी नव्हती, खुबूस ही इथली जाड रोटी होती, तिच्याशीही ते मासे चांगले लागले.

वैशालीने त्याला सगळं सांगितलं. अबू सालेम, टाकं, समुद्राची रेघ. "आणि हा नुसता म्हणाला, डावीकडे. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मी एकटी वर पोचावं म्हणून मागे थांबला." इरालाही तिने फोनवर हेच सांगितलं. इरा म्हणाली, "ऑ, बाबा. दॅट्स सो स्वीट." मला स्वीट म्हणून इराला निदान तीन वर्षं झाली असतील.

विल्सन तव्यावरचा मासा उलटत होता. त्याने मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

जेवणानंतर वैशाली आंघोळीला गेली. आम्ही दोघं फलजच्या पाण्याने सायकली धूत होतो. विल्सन तिच्या सायकलचं वाकलेलं हँडल सरळ करत होता.

"भाऊ," तो म्हणाला, "मी तुम्हाला उजवा सांगितला होता."

"हो."

"त्या वरच्या गावाचं मला माहीतच नाही. मी कधी तितका वर गेलो नाही. रस्ता संपतो, हे नुसतं ऐकलेलं. बाय पडली त्या वळणावरून मी परत फिरलेलो." त्याने पाना खिशात टाकला. "मी बायला काही बोलणार नाही. ते तुमचं काम."

निघताना त्याने दुसऱ्या दिवशीचा रस्ता सांगितला. या वेळी माझ्याऐवजी वैशालीला सांगितला.

रविवार

शेवटच्या दिवसाचा रस्ता पायथ्यापायथ्याने जाणारा होता. तीसेक किलोमीटर, चढउतार सौम्य, जमीन कडक, समुर नावाच्या बाभळीची छत्रीसारखी झाडं. नवशिक्यांनी जायचं तर याच रस्त्याने जावं. गाडी शेवटाला विल्सनने नेऊन ठेवली होती आणि चावी चाकावर.

कोपर दुखत असूनही वैशाली गाणं गुणगुणत चालली होती. पाच किलोमीटरवर ती थांबली, मी पोचलो आणि ती हसली. मला ते हसणं पाहवेना. मी सायकलवरून उतरलो.

"काल मी तुला मुद्दाम चुकीचा रस्ता सांगितला," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"वर काय आहे मला माहीत नव्हतं. विल्सनने उजवा घ्यायला सांगितलं होतं. डाव्याला चढ आहे, रस्ता संपतो, जाऊ नका म्हणाला होता. मला वाटलं, तू दमून परत येशील. मी थांबलेला असेन."

ती मग म्हणाली, "पाणी तुझ्याकडे होतं."

"ते तेव्हा लक्षात आलं नाही. नंतर आलं."

"किती नंतर?"

"पाऊण तासाने."

"पाऊण तास काय करत होतास?"

"दशम्या खात होतो."

तिने मान हलवली, जणू काउंटरवर कुणी चुकीचं प्रिस्क्रिप्शन दिलं आहे. "का पण? मी काय केलं तुला?"

"तू पुढे जातेस."

"मी थांबते ना. दर वेळी थांबते."

"तेच."

ती खाली बघत टायरने खडी मागेपुढे करत राहिली. राग येईल, रडेल, असं मला वाटत होतं. तिचा आवाज अगदी साधा निघाला. "तुला माहीत आहे, गेलं वर्षभर मी हळू चालवते आहे? तू दिसेनासा होऊ नयेस म्हणून. अर्धा जोरसुद्धा लावत नाही. मला वाटायचं, आपण बरोबर जातोय." तिने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. "आज नाही जमणार मला. तू ये तुझा तुझा."

आणि ती गेली.

मी तिच्या मागे वर्षभर सायकल चालवली होती आणि तिला त्या दिवशी पहिल्यांदा चालवताना पाहिलं. ती हँडलवर खाली वाकली, पाठ सपाट झाली, धुळीचा एक पट्टा उठला. पहिल्या टेकाडावर तिचा वेग कमी व्हायला हवा होता, तो झाला नाही. दुसऱ्या टेकाडावर ती पांढऱ्या ठिपक्याएवढी दिसली आणि तिसऱ्यामागे दिसेनाशी झाली. सगळं मिळून चार मिनिटं. मी उभा राहून बघत होतो. हेवा वाटलाच. पण त्यात पहिल्यांदाच तक्रार नव्हती. कुणीतरी फार सुंदर काहीतरी करतं आहे आणि आपल्याला ते येत नाही, एवढंच.

मग मी निघालो. कुणी थांबलेलं नाही हे माहीत असताना सायकल चालवण्यात वेगळंच काहीतरी असतं. मी माझ्या गतीने गेलो. शेळ्यांचा कळप आडवा आला, तो जाईपर्यंत थांबलो. संत्रं खाल्लं. भीतीही वाटत होती, रस्त्याची नव्हे.

अठ्ठाविसाव्या किलोमीटरला रस्ता फुटला. आणि रस्ता मला माहीत नव्हता, तो वैशालीला सांगितलेला. दोन्ही फाटे सारखेच. कडक जमिनीवर टायरचा मागही नव्हता. मी फोन काढला, रेंज नव्हती. तेवढ्यात फाट्याच्या मधोमध दगड दिसले. सात-आठ दगड मांडून बाण केला होता. उजवीकडे.

आता जे लिहितो ते लिहायला मला जड जातं. मी त्या बाणाकडे बघत उभा राहिलो आणि माझ्या मनात आलं, हा खरा असेल का? मी तिला डावीकडे पाठवलं होतं, तिने मला उजवीकडे का पाठवू नये? पाणी संपत आलं होतं. उजवा फाटा डोंगराच्या दिशेने वळत होता, डावा मोकळ्या मैदानाकडे. माझ्या हिशेबाने गाडी डावीकडे असायला हवी होती. मी सायकल डावीकडे वळवली, दहा पावलं गेलो, आणि परत आलो. शेवटी उजवीकडे गेलो.

टेकडीला वळसा घालून रस्ता उघडला. खाली डांबरी सडक आणि आमची गाडी.

तिची सायकल मागे बांधून झाली होती. माझ्यासाठी जागा ठेवली होती. ती पुढच्या सीटवर बसून थर्मासमधला चहा पीत होती. मला बघून उतरली नाही. मी सायकल बांधली, गाडी सुरू केली. अल धैद आलं. बाजाराच्या सिग्नलला तिने उरलेला चहा माझ्याकडे दिला.

"दगड दिसले ना?" तिने विचारलं.

"दिसले."

"लगेच वळलास?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," मी म्हणालो. "उभा राहिलो होतो. डावीकडेही जाऊन आलो थोडा."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं तरी."

सिग्नल हिरवा झाला. ती खिडकीबाहेर बघत होती. "मला तो बाण करायला त्याहून जास्त वेळ लागला," ती म्हणाली. "तिथले सगळे दगड गोल होते. ठेवले की घरंगळायचे."